न तपासलेला आकडा

एक खोली डोळ्यांपुढे आणा बरं. फार मोठी नको. मधोमध एक घडीचं टेबल मांडा. सकाळी त्यावर पाव आणि चहा, मग लॅपटॉप, मग इस्त्रीचे कपडे, मग गृहपाठ, असं आळीपाळीनं सगळं त्या एकाच टेबलावर येतं. खिडकी एकच, खाली रस्ता आणि पलीकडे बसथांबा. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी कपडे धुण्याचं यंत्र आहे. ते घरघरायला लागलं की इकडे टेबलावरचा चमचा पेल्यात थरथरतो. मांडलंत सगळं? आता टेबलाच्या एका बाजूला एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बसवा. तिला एका जागी बसवणं सोपं नाही. म्हणून तर घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. पण आज ती बसली आहे, आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून. कारण समोर बाबा बसला आहे, आणि एवढी थंडी असूनही बाबाच्या कपाळावर घाम आहे.

बाबा संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचा. त्यासाठीच एका कंपनीनं त्याला दूरच्या या देशात बोलावून घेतलं होतं, आणि मागोमाग आई आणि भिंगरीही आल्या होत्या. मग एके दिवशी सकाळी कामाला गेलेला बाबा जेवायच्या आत परत आला. दाराला लावायचं कार्डच चालेना, म्हणून त्याला कळलं की कंपनीनं त्यांचा अख्खा गट बंद केला आहे. कुणाचं काही चुकलं नव्हतं. वरच्यांनी ठरवलं, झालं.

नोकरी जाणं कुठंही वाईटच. पण परदेशात त्याला आणखी एक शेपूट असतं. तिथं राहायचा परवाना नोकरीच्या गळ्यात बांधलेला असतो. नोकरी सुटली की दुसरी शोधायला सरकार थोडी मुदत देतं, आणि मुदत संपली की बोऱ्याबिस्तरा गुंडाळायचा. ही मुदत या महिनाअखेरीला संपत होती. भिंगरीला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण फाटलेला पडदा आईनं बदलला नाही, शाळेच्या सहलीबद्दल विचारलं तर ती "बघू" म्हणाली, आणि मग प्रत्येकच गोष्टीला "बघू" म्हणायला लागली. मुलांना एवढ्यावरून सगळं कळतं. आणि भिंगरीला तर इथून मुळीच जायचं नव्हतं. पहिलं वर्ष तिनं वर्गात मुक्यानं काढलं होतं. आता कुठं तिला इथल्या भाषेत कडाकडा भांडता यायला लागलं होतं.

एका छोट्या कंपनीनं बाबाच्या परीक्षांवर परीक्षा घेतल्या होत्या. सगळ्या पार पडल्या. आज फक्त पगाराचं बोलणं उरलं होतं.

"ते विचारणार, तुमची अपेक्षा काय," बाबा म्हणाला. "चल भिंगरे, बदक हो."

बदक म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाबाच्या कामात एक गमतीची रीत आहे. प्रोग्रॅम अडला आणि चूक काही केल्या सापडेना, की ही माणसं टेबलावर रबराचं एक बदक ठेवतात आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगतात. ही ओळ का लिहिली, तिच्यानं काय होतं, मग पुढं काय होतं. बदकाला काही कळत नाही, पण सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. बाबाकडे रबराचं बदक नव्हतं, भिंगरी होती. तिनं फक्त दोनच शब्द बोलायचे, "का?" आणि "मग?" उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. तिनं अशा कितीतरी चुका बाबाकडून काढून घेतल्या होत्या. बाबाही असा पक्का, की बदकापुढं वाचल्याशिवाय एक ओळ पुढं पाठवायचा नाही.

"तर," बाबानं घसा साफ केला, "मी सांगणार, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार."

"का?"

"आधीच्या कंपनीत जवळजवळ तेवढेच होते."

"मग?"

"मग काय? पुरतात की. आणि तिकडच्या पैशात करून बघ. तुझ्या मामाला सांगितलं तर घेरी येईल त्याला!"

"तिकडच्या पैशात का?"

मागं आई बाबाचा शर्ट इस्त्री करत होती. ती फिसकन हसली. "विचार, विचार! त्या न्हाव्याचं काय झालं तेही विचार."

न्हाव्याचं असं झालं होतं. इथं आल्यावर बाबा एकदाच केस कापून आला. वाटेत त्यानं ते पैसे तिकडच्या पैशात करून पाहिले, आणि तेव्हापासून घरात आईच्या हाती कात्री होती. बाबाच्या डोक्याची मागची बाजू उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसायची. बसचं तिकीट, बटाटे, भिंगरीचे बूट, सगळ्याचा बाबा मनात गुणाकार करायचा.

"हसू नकोस," बाबा म्हणाला. "माझ्यामागं रांग लागलीय माणसांची. मी जास्त मागितले की ते म्हणणार, या साहेब, आणि पुढच्याला हाक मारणार."

"त्यांच्याच जाहिरातीत पंचावन्न ते पासष्ट लिहिलं होतं ना?" आईनं विचारलं.

"लिहिलेलं असतं गं. देतात थोडेच!"

"का?" भिंगरी म्हणाली.

"का म्हणजे? बाहेरच्या माणसानं जरा नमतं घ्यावं. कमी मागणाऱ्याला कोण नाही म्हणेल?"

"मग?"

बाबानं टेबलावर हात आपटला. पेल्यातला चमचा उडाला. "बास झालं बदक! प्रत्येक गोष्टीला का आणि मग! आज वेळ नाहीये."

भिंगरीनं हात पुन्हा मांडीखाली घातले. आईनंही इस्त्री उभी केली आणि शर्ट पुढं केला. साधी एक ओळ न तपासता पुढं न पाठवणाऱ्या बाबानं, ज्याच्यावर तिघांचं घर उभं होतं तो आकडा मात्र तसाच उचलला.

लॅपटॉप बिस्किटांच्या डब्यावर चढला. मागं दोरीवर वाळत घातलेले मोजे आईनं उतरवले. पडद्यावर काचेच्या भिंतींची एक लख्ख खोली दिसायला लागली, आणि तिच्यात जाड चष्म्याच्या एक बाई. भिंगरी टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसली होती. बोलणं इथल्या भाषेत होतं, तिला शब्द न् शब्द कळत होता.

बाईंनी कामाचं, सुट्ट्यांचं, वेळेचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पगाराची तुमची अपेक्षा?"

"अठ्ठेचाळीस," बाबा म्हणाला, आणि लगेच, "पण तुम्हाला योग्य वाटेल तसं."

बाईंनी मान वर केली. चष्मा नाकावरून किंचित घसरला होता, तो त्यांनी वर सारला. "अठ्ठेचाळीस? नक्की?"

"हो, हो. नक्की!"

"बरं." त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "साहेब दुपारी परदेशी जायला निघतायत. त्याआधी त्यांची सही घेते. सही झाली की मग मात्र बदल करायला ते पुढच्या महिन्यात परत येईपर्यंत थांबावं लागेल. ठीक?"

"ठीक, ठीक! फार आभारी आहे."

पडदा काळा झाला. बाबा खुर्चीतून उडालाच. त्यानं भिंगरीला उचलून गरगर फिरवलं, आईनं "अरे पडेल ती!" म्हणत स्वतःच हसत चहाचं आधण ठेवलं. भिंगरीच्या डोक्यात मात्र बाईंचा तो चष्मा अडकून बसला होता. चांगली बातमी ऐकल्यावर माणसं अशी चष्मा सारून बघत नाहीत.

आई चहा गाळत होती तेवढ्यात फोन वाजला. उंटकाकांचा होता. उंटकाका म्हणजे बाबाच्या जुन्या कंपनीतले सगळ्यांत ज्येष्ठ सहकारी. इतके उंच, की प्रत्येक दारातून वाकून यायचे, म्हणून भिंगरीनं त्यांना हे नाव ठेवलं होतं. या देशात त्यांचे केस पांढरे झाले होते. बाबानं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"काय लेका, जमलं का लग्न?"

"जमलं दादा! अठ्ठेचाळीसवर जमलं!"

फोनमधून काहीच आवाज येईना.

"दादा, ऐकू येतंय ना?"

"येतंय. म्हणूनच गप्प बसलोय. अरे शहाण्या, परवान्याची खालची रेघ यंदा बदलली, तुला पत्ता नाही?"

"कसली रेघ?"

"बाहेरच्या माणसाला किमान इतका पगार द्यायलाच हवा, अशी सरकारची रेघ असते. नाहीतर कंपन्या बाहेरून स्वस्तात माणसं आणतील आणि इथल्यांच्या पोटावर पाय येईल. दर वर्षी ती वर सरकते, आणि तुझ्या अनुभवाच्या माणसाला यंदा बावन्नावर आहे. त्याच्यापेक्षा एक दमडी कमी असली तरी अर्ज जसाच्या तसा परत. नोकरी मिळेल रे तुला. पण ती करायला या देशात राहू देणार नाहीत."

वरचं यंत्र घरघरायला लागलं.

"पण... पण कंपनीला माहीत असेल ना हे?" बाबानं विचारलं.

"छोटी कंपनी. बाहेरचा माणूस पहिल्यांदाच घेतायत म्हणालास ना? त्यांना कोण सांगणार? सही झाली का?"

"दुपारी होणार आहे. मग साहेब बाहेर जाणार."

"आणि तुझी मुदत?"

"महिनाअखेर."

"मग माझ्याशी काय गप्पा मारतोयस? ठेव फोन!"

फोन बंद झाला. बाबानं तो उलटा करून ठेवला. आई बाबाकडे बघत उभी राहिली, हातात गाळणी तशीच. गाळणीतून चहा तिच्या पायावर ठिबकत होता, तरी तिला कळलं नाही.

"फोन लाव त्यांना," ती म्हणाली.

"आणि काय सांगू? सकाळी एक बोललो, दुपारी दुसरं? हावरट म्हणतील. दिलेली नोकरीही काढून घेतील."

"जास्त मागितले नाहीस तर राहतेय का ती?"

"मी लिहून पाठवतो. नीट, सभ्य शब्दांत."

बाबा लिहायला बसला. लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. आईनं खांद्यावरून वाकून वाचलं. "क्षमस्व, तसदीबद्दल पुन्हा क्षमस्व, आपला अमूल्य वेळ... अरे, हे पगाराचं पत्र आहे की शोकसंदेश? आणि ते वाचणार कधी? साहेब विमानात बसल्यावर?"

"मग मी काय करू? तूच सांग ना!" बाबाचा आवाज चिरकला. भिंगरीनं त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. खाली बसथांब्यावर बस थांबली, दार उघडल्याचा सुस्कारा ऐकू आला, आणि बस निघून गेली. माणसं कुठं कुठं जात होती. वेळही जात होता.

तिला सांगावंसं खूप काही वाटत होतं. पण तिला ठाऊक होतं की अशा वेळी कुणी सांगितलेलं बाबाच्या डोक्यात शिरत नाही. तिनं खुर्ची ओढली, त्याच्या अगदी समोर बसली आणि म्हणाली, "किती सांगणार?"

बाबानं तिच्याकडे पाहिलं. रागावणार असं वाटलं. पण तो म्हणाला, "बावन्न. रेघेला टेकेल एवढेच. जास्त नाही."

"मग?"

"मग परवाना मिळेल."

"मग?"

"मग वर्षभर काही बघायला नको. वर्षानं तो नवा करून घ्यायचा."

"मग?"

"मग तेव्हा रेघ..." बाबा थांबला. "रेघ दर वर्षी वर सरकते."

भिंगरीनं श्वास रोखला. तिनं "मग" म्हटलंच नाही.

"म्हणजे पुढच्या वर्षी आपण पुन्हा रेघेखाली," बाबा स्वतःशीच पुटपुटला. "पुन्हा हेच. पुन्हा हाच घाम." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "बावन्न चूक आहे."

"का?"

"कारण मी अजूनही कमीत कमी कितीत भागेल, तेच बघतोय. कामाचे किती, हे एकदाही पाहिलं नाही. तिकडून निघालो त्याला इतकी वर्षं झाली, आणि मी भाव तिकडचाच लावतोय." त्यानं खुर्ची लॅपटॉपकडे वळवली. "साठ सांगतो."

आईनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

बाबानं लॅपटॉपवरूनच फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग पडद्यावर ती काचेची खोली उजळली आणि बाई आल्या. त्यांच्यामागं कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते, हातात चाकांची बॅग. तेच साहेब.

बाबानं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. परवान्याची रेघ, बावन्न, आणि मग साठ. साठ म्हणताना आवाज इतका खाली गेला की बाईंनी पुन्हा विचारलं. मग त्यानं आकडा पुन्हा सांगितला, या वेळी स्पष्ट.

साहेब पुढं आले. "सकाळी अठ्ठेचाळीस. आता साठ. यातला खरा कुठला?"

"सकाळचा चुकीचा होता."

"कसा काय चुकला?"

बाबा पडद्याजवळ सरकला. "मी तो न तपासता दिला. जिथून आलो तिथल्या पैशात मोजून दिला. पण मी राहतो इथं आणि काम करणार तुमच्याकडं. साठ मी कामाकडं बघून सांगतोय."

साहेब काही हसले नाहीत. "एक सांगू? तुमचा सकाळचा आकडा ऐकून मला वाटलं होतं, परीक्षेत दिसला तेवढा हा माणूस जाणता नसावा. नाहीतर स्वतःला इतका स्वस्त का लावेल? सहीला म्हणूनच मी हात लावला नव्हता."

बाबा पांढराफटक पडला.

"थांबा जरा. आम्ही बोलून येतो," साहेब म्हणाले, आणि दोघं काचेपलीकडे गेली.

पडद्यावर रिकामी खुर्ची उरली. मागं काचेआड दोघं बोलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. बाई बोटांवर मोजून काही समजावत होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी मान हलवली, आडवी.

"नाही म्हणतायत," बाबा कुजबुजला. "बघ, बघ, नाही म्हणतायत! मी सगळं घालवलं."

"थांब ना," आई दारातून हलक्या आवाजात म्हणाली.

साहेबांनी बॅगेची मूठ धरली. ते निघणार असं वाटलं. आणि बाबाचे हात कीबोर्डवर गेले. पडद्याच्या कोपऱ्यात लिहायची एक चौकट असते ना, त्यात तो भराभर लिहायला लागला. भिंगरीला अक्षरं दिसली. 'बावन्नही चालतील. खरं तर...'

कुणी काही म्हणायच्या आत भिंगरी खुर्चीवरून उतरली, टेबलाखालून वाकून पलीकडे निघाली आणि बाबाच्या मांडीवर जाऊन बसली. कीबोर्डच्या आणि त्याच्या मधोमध. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि पोटाशी घट्ट धरून ठेवले. हात गार पडले होते.

"सोड," बाबा तिच्या कानाशी म्हणाला.

"नाही."

"भिंगरी, सोड म्हणतो ना! ते चाललेत."

"त्यांचं बोलून संपलं नाहीये अजून."

बाबानं हात ओढून पाहिले. त्याला जोर लावता आला असता, मोठा माणूस होता तो. पण त्यानं लावला नाही. अर्धवट लिहिलेली ओळ चौकटीत तशीच लुकलुकत राहिली. काचेआड बाई अजून बोलत होत्या. साहेब ऐकत होते. एकदा त्यांनी काचेतून इकडे पाहिलं. भिंगरीच्या पाठीला बाबाच्या छातीतली धडधड लागत होती, आणि तिला तिची स्वतःचीही वेगळी ऐकू येत होती.

मग काचेचं दार उघडलं.

साहेब खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघतच राहिले. समोर नोकरी मागणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता, एका मुलीचं डोकं होतं, आणि त्यामागून दोन डोळे दिसत होते.

"ही कोण?"

"माझी मुलगी," बाबा म्हणाला. "माफ क..." त्यानं शब्द अर्ध्यातच गिळला. "माझी मुलगी आहे."

साहेबांनी मान डोलावली. "साठ या वर्षी जमणार नाही. अठ्ठावन्न देतो. परवान्याचं काम आमची माणसं बघतील. आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी मागा. न मागता मी कुणाला देत नाही, ही माझी वाईट खोड आहे. चालेल?"

"चालेल," बाबा म्हणाला. एकदाच.

"मी सही करूनच निघतो. कागद आत्ता येईल."

बाईंनी चष्म्याआडून भिंगरीला हात हलवून दाखवला आणि पडदा काळा झाला.

आई दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली. तिला हसू येत होतं आणि ती डोळे पुसत होती. "अठ्ठावन्न! अरे देवा, अठ्ठावन्न!"

"आता तरी सोड गं," बाबा म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. "झालं ना सगळं?"

"कागद आलाय का?"

"येईल की!"

"मग येऊ दे."

तशीच ती बसून राहिली, एका जागी न टिकणारी ती पोर. पाय आखडले तरी हलली नाही. अखेर लॅपटॉप टिंग वाजला. कागद उघडायला भिंगरीनं बाबाचा एकच हात सोडला. पडद्यावर ओळीच ओळी आल्या. ती त्या सावकाश वाचत खाली गेली, आणि आकडा आला तिथं तिनं आपलं बोट टेकवलं. "पाच," ती मोठ्यानं म्हणाली, "आणि आठ."

आणि मग तिनं दुसराही हात सोडला.